नेटवर्कवरचा बॅकअप अडला तर: हिशेबवालीची पद्धत

मी मूळची हिशेबातली. ऑफिसात १४ कॉम्प्युटर आणि कोपऱ्यात एक नॅस, म्हणजे सगळ्यांच्या फाइली नेटवर्कवरून साठवणारी डिस्कची पेटी. ते सांभाळणारा नोकरी सोडून गेला, तेव्हा "तू आकड्यांना घाबरत नाहीस, मग हेही तूच बघ" असं म्हणून बॅकअप माझ्या गळ्यात पडला. सुरुवातीला बॅकअप अडला की मी दिसेल ते बटण दाबायचे, नॅस बंद-चालू करायचे. कधीकधी तो सुरूही व्हायचा. का अडला होता आणि का सुरू झाला, दोन्ही कळायचं नाही.

हिशेब जुळत नसेल तर आम्ही वर्षाच्या पहिल्या पानापासून बेरजा करत बसत नाही. शेवटचा ताळा जुळलेला दिवस शोधतो आणि त्यापुढच्याच नोंदी बघतो. हीच सवय बॅकअपला लावली आणि अर्धी कामं तिथेच सुटायला लागली.

तर पहिलं काम: शेवटचा धड पूर्ण झालेला बॅकअप कोणत्या तारखेचा, हे लॉग, म्हणजे प्रोग्रॅमने स्वतः लिहिलेली नोंदवही, उघडून बघा. मेलवर विसंबू नका. "चुकलं तर मेल येतो, मेल आला नाही, म्हणजे सगळं ठीक" हा हिशेब फसवा आहे. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमरांचा कोड ठेवणाऱ्या कंपनीत, चालू डेटाबेसमधला सुमारे ३०० जीबी डेटा चुकून पुसला गेला. बॅकअप शोधायला गेले तर डेटाबेसचा रोजचा डंप, म्हणजे पूर्ण नक्कल, होतच नव्हता, कारण डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि डंप घेणारा प्रोग्रॅम ९.२ चा. अपयशाच्या मेल निघत होत्या, पण पाठवणाऱ्याची खातरजमा होत नसल्यामुळे मेल सर्व्हर त्या नाकारत होता. शेवटी दुसऱ्याच कामासाठी घेतलेली सहा तासांपूर्वीची एक प्रत हाताशी होती, तिच्यावर भागलं. म्हणून मी यशाचाही मेल मागते. ज्या सकाळी तो येत नाही, त्या सकाळी चहाआधी लॉग.

तारीख सापडली की त्या सुमारास काय बदललं ते विचारा. पासवर्ड बदलला का, राउटर नवा आला का, विंडोज अपडेट झालं का, कुणी टेबल सरकवलं का. "काहीच नाही केलं" हे उत्तर मिळेलच, तरी दुसऱ्यांदा विचारा.

मग तारेपासून वर चढायचं. नेटवर्कच्या खाचेतला दिवा लागतोय ना? नॅसला पिंग करा, म्हणजे 'आहेस का' अशी हाक मारा, आधी आयपी आकड्याने (नेटवर्कवरच्या पत्त्याने), मग नावाने. आकड्याने लागतं आणि नावाने नाही, तर दोष नावाच्या नोंदीत, म्हणजे डीएनएसमध्ये. आकड्यानेही लागत नसेल तर राउटरच्या यादीत बघा. वीज जाऊन आली की नॅसला वेगळाच आयपी मिळालेला असतो आणि बॅकअप जुन्या पत्त्यावर दार ठोठावत बसतो. राउटरमध्ये त्याचा आयपी कायमचा राखून ठेवा, हा आजार पुन्हा होत नाही.

पिंग लागतं पण बॅकअप होत नाही, तर पोर्ट तपासा, म्हणजे त्या मशीनचं प्रत्येक सेवेसाठीचं क्रमांकाचं दार. विंडोजच्या शेअरसाठी ४४५, एसएसएचसाठी (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन) २२, आरसिंकची (फाइली जुळवून कॉपी करणारा प्रोग्रॅम) सेवा स्वतंत्र चालत असेल तर ८७३. इथे त्रुटीचे शब्द नीट वाचा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणजे बहुधा मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर ऐकणारं कुणी नाही. सेवा बंद पडली आहे. 'टाइम्ड आउट' म्हणजे कुणी उत्तरच दिलं नाही. फायरवॉल किंवा चुकीचा पत्ता. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि दोन्हींना 'नेट चालत नाही' म्हणणारे लोक माझ्या डोक्यात जातात.

आता वेगाबद्दल, कारण हा माझा आवडता भाग. हिशेबात फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला की आम्ही आधी आकड्यांची अदलाबदल शोधतो, ५४ च्या जागी ४५ लिहिलेले. फरक स्वतःच कारण सांगतो. बॅकअपमध्ये तसा आकडा म्हणजे सेकंदाला ११ एमबी. वेग तिथेच घुटमळत असेल तर जोडणी १००० ऐवजी १०० मेगाबिटवर उतरली आहे असं समजा. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात. एक तार तुटली तरी नेट चालूच दिसतं, फक्त सावकाश. एक टीबीला अडीच तास लागायचे तिथे पूर्ण दिवस लागतो, रात्रीचा बॅकअप सकाळी संपत नाही आणि दोष नॅसच्या माथी येतो. आमच्याकडे खुर्चीच्या चाकाखाली आलेली केबल निघाली.

जुना नॅस नव्या कॉम्प्युटरला दिसेनासा झाला, तर एसएमबीची, म्हणजे विंडोजच्या शेअरच्या भाषेची, आवृत्ती बघा. २०१७ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून एसएमबी १ मुळात बसवलेलंच येत नाही. ते परत चालू करण्याचा सल्ला सर्रास मिळतो, देऊ दे. त्याच वर्षी मे महिन्यात खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस एसएमबी १ च्याच भोकातून पसरला होता. नॅसचं फर्मवेअर (आतला मूळ प्रोग्रॅम) अपडेट करा आणि तेही मिळत नसेल तर नॅस बदला.

"मी हाताने चालवलं की होतं, रात्री आपोआप होत नाही" ही तक्रार सगळ्यांत जास्त. रात्रीचं काम तुमच्या नावाने चालत नसतं. विंडोजमध्ये तुम्ही जोडलेला झेड ड्राइव्ह त्या दुसऱ्या खात्याला दिसत नाही; तिथे ड्राइव्हच्या अक्षराऐवजी नॅसच्या नावासकट पूर्ण मार्ग लिहा. लिनक्समध्ये ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनला तुमचा पाथ (प्रोग्रॅम कुठे शोधायचे त्याची यादी) माहीत नसतो, म्हणून प्रोग्रॅमचाही पूर्ण मार्ग द्या. आणि चाचणी घ्याल ती त्याच खात्याने, स्वतःच्या नाही.

जागेच्या तक्रारीने मला एकदा चांगलंच फसवलं. नॅसची दुसरी प्रत एका छोट्या लिनक्स मशीनला लावलेल्या बाहेरच्या डिस्कवर जाते. एके दिवशी 'जागा संपली'. डिस्क बघते तर निम्मी रिकामी. आयनोड (दर फाइलमागे लागणारी एक नोंद) संपले असतील म्हणून जागा दाखवणाऱ्या डीएफ या आज्ञेला आय लावून पाहिलं, तेही भरपूर. (लाखो बारक्या फाइली असतील तर आधी आयनोडच संपतात, तेव्हा हे बघाच.) दोन दिवस डोकं खाजवल्यावर कळलं: वीज गेल्यानंतर डिस्क माउंटच झाली नव्हती, म्हणजे तिच्या फोल्डरला जोडलीच गेली नव्हती. स्क्रिप्टला त्या नावाचा रिकामा फोल्डर मिळाला आणि तीन आठवडे ती मशीनच्या स्वतःच्या डिस्कवर लिहीत राहिली. मी तपासायला डिस्क माउंट केली आणि तो सगळा माल तिच्याखाली झाकला गेला, फोल्डरचा आकार मोजणाऱ्या डीयूलाही दिसेना. डिस्क अनमाउंट केली तेव्हा खाली सापडला. आता डिस्कवर एक खुणेची फाइल आहे. ती दिसली नाही तर स्क्रिप्ट सुरूच होत नाही.

लॉगमधले कोड पाठ करायची गरज नाही, पण काही ओळखीचे ठेवा. आरसिंकचा २४ म्हणजे यादी केल्यावर काही फाइली गायब झाल्या. बहुधा तात्पुरत्या असतात, सोडून द्या. २३ म्हणजे काही फाइली गेल्याच नाहीत. हा सोडायचा नाही, वरच्या ओळींत त्या कोणत्या ते बघा. विंडोजच्या रोबोकॉपीचा १ म्हणजे फाइली कॉपी झाल्या, तो दोष नव्हे. ८ पासून पुढे खरी चूक.

२३ चं एक कारण आपल्याला जास्त भोवतं. लिनक्सच्या ईएक्सटी ४ या डिस्क-रचनेवर फाइलचं नाव २५५ बाइटपर्यंत चालतं आणि युटीएफ ८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा-वेलांटी वेगळ्या मोजून. म्हणजे नाव फार तर ८५ चिन्हांचं. विंडोजवर मात्र २५५ चिन्हं बसतात. आमच्याकडे पत्राचा अख्खा विषय फाइलचं नाव म्हणून द्यायची पद्धत होती. त्या फाइली नॅसवर कधी पोचल्याच नव्हत्या.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल करा आणि वहीत लिहा. जुना बॅकअप बिघडलेला वाटला तरी पुसू नका. नवा पूर्ण झाल्यावर त्यातली एक कालची आणि एक जुनी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणा, उघडा, मूळ फाइलशी चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ताळ्याचा आकडा) जुळवा. आकार जुळला एवढ्यावर भागवू नका. मी हे महिन्याच्या पहिल्या सोमवारी करते, आणि फाइल निवडायला दर वेळी दुसऱ्या कुणाला तरी सांगते, कारण मी निवडली तर नेहमी माझीच, छोट्या नावाची, निघते.