गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ज्येष्ठांना घरी पुन्हा चालते कसे करावे

गुडघा बदललेल्या एका बाहत्तर वर्षांच्या आजींकडे मी व्यायाम शिकवायला पहिल्यांदा गेले, तो शस्त्रक्रियेनंतरचा तेरावा दिवस होता. आजी पलंगावर पडून होत्या आणि नव्या गुडघ्याखाली गोधडीची जाड गुंडाळी होती. सुनेने ती मोठ्या मायेने ठेवली होती, कारण ती ठेवली की आजींचे दुखणे कमी होई आणि त्यांना झोप लागे. मी गुंडाळी काढून पाय सरळ करायला सांगितला, तेव्हा गुडघ्यामागे माझी मूठ सहज जाईल एवढी पोकळी राहिली. अर्धवट वाकलेल्या गुडघ्यात सुजेला सर्वांत जास्त जागा मिळते म्हणून बरे वाटते, पण त्याच अवस्थेत दिवसचे दिवस राहिले की मागचे स्नायू आणि सांध्याचे आवरण आखडते आणि पुढे तो पाय चालताना कायम वाकलेला राहतो. तीच गुंडाळी मी टाचेखाली ठेवली, म्हणजे गुडघा अधांतरी राहून स्वतःच्या वजनाने सरळ होऊ लागला. आजी कळवळल्या, पण दहा मिनिटे त्यांनी ते सोसले.

या प्रसंगाने लेखाची सुरुवात करण्याचे कारण असे, की बहुतेक घरांत काळजी घेणे म्हणजे आराम करायला लावणे असेच समजले जाते. सांधा शल्यविशारद बसवतात, परंतु तो किती वाकेल, किती सरळ होईल आणि माणूस पुन्हा स्वतःच्या पायांनी स्वयंपाकघरापर्यंत जाईल की नाही, हे बऱ्याच अंशी पुढच्या सहा ते बारा आठवड्यांत घरीच ठरते.

खुबा मोडला असेल तर वेळ घालवू नये

झिजलेला गुडघा बदलणे ही ठरवून केलेली शस्त्रक्रिया असते आणि तिच्या तयारीला सवड मिळते. रात्री बाथरूमला जाताना घसरून खुब्याचे हाड मोडणे ही मात्र तातडीची बाब आहे, आणि तिथे घरातली मंडळी हमखास म्हणतात, ‘आता या वयात कशाला चिरफाड? पडून राहू दे, हाड जुळेल आपोआप.’ हा विचार प्रेमापोटीच येतो, पण त्याचे परिणाम फार वाईट होतात. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला न्यूमोनिया, पाठीवरच्या जखमा, लघवीचा संसर्ग आणि पायाच्या शिरांतल्या गुठळ्या गाठतात, आणि जीव जातो तो बहुधा त्यांनीच. शस्त्रक्रिया मुख्यतः याचसाठी करायची असते, की रुग्णाला दुसऱ्या दिवशी उठवून बसवता यावे. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांनुसार ती दाखल झाल्याच्या दिवशी किंवा त्याच्या दुसऱ्या दिवशी व्हावी लागते. आपल्याकडेही मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार आहे म्हणून आठवडाभर थांबण्याऐवजी फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ यांना एकत्र बसवून शक्य तितक्या लवकर निर्णय मागावा.

तरीही धोका लहान नाही, हे घरच्यांनी जाणून असावे. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण चार-पाचांतील एक जण वर्षभरात दगावतो, असे अनेक देशांच्या नोंदी सांगतात, आणि जे वाचतात त्यांतील सगळेच पूर्वीसारखे विनाआधार चालू शकत नाहीत. ही शक्यता कमी करणे पुष्कळसे आपल्या हाती असते, म्हणूनच पुढचा सगळा खटाटोप करायचा.

ठरवून करायच्या शस्त्रक्रियेआधी

एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), हिमोग्लोबिन, लघवी, दात आणि त्वचा यांची तपासणी आधी करून घ्यावी. किडलेला दात किंवा पायाच्या बोटांमधली चिखली क्षुल्लक वाटते, पण तिथले जंतू रक्तावाटे नव्या सांध्यापर्यंत पोहोचू शकतात. तंबाखू आणि मिश्री शक्यतो काही आठवडे आधीच सोडावी. घेत असलेल्या सगळ्या गोळ्या, चूर्णे आणि पुड्या पिशवीसकट डॉक्टरांसमोर ठेवाव्यात. रक्त पातळ करणारी गोळी कधी बंद करायची आणि कधी पुन्हा सुरू करायची, हे त्यांनीच सांगायचे असते.

खर्चाबाबत दोन गोष्टी माहीत असाव्यात. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर केंद्र सरकारने ऑगस्ट 2017 मध्ये कमाल मर्यादा घातली, त्यामुळे बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवून मागावी. ऑक्टोबर 2024 पासून सत्तर आणि त्यापुढच्या वयाच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, आयुष्मान भारत योजनेत घेतले आहे. योजनेच्या यादीतील आपल्या जवळच्या रुग्णालयात ही शस्त्रक्रिया तिच्यात बसते का, हे तारीख ठरवण्याआधीच विचारावे.

घर आधी तयार करावे

रुग्ण घरी येण्याच्या आदल्या दिवशी पलंगापासून संडासापर्यंत स्वतः वॉकर घेऊन चालून पाहावे. उंबरा, पायपोस, सतरंजीची दुमडलेली कड, पंख्याची लोंबणारी वायर आणि ओल्या शहाबादी फरशीचा निसरडेपणा तेव्हाच लक्षात येतो. पायपोस आणि सतरंज्या सरळ उचलून ठेवाव्यात. जमिनीवरची गादी चालणार नाही. पलंग आणि खुर्ची एवढी उंच हवी, की बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर येणार नाहीत. खुर्चीला हात असावेत, आणि ती हलकी प्लॅस्टिकची नसावी, कारण उठताना तिचे पाय फाकतात किंवा ती मागे सरकते. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणावी. बाथरूममधली पकडायची दांडी भिंतीत पक्की बसवून घ्यावी. टॉवेलच्या दांडीला धरून उठू पाहणारे पडतात. रात्री बारीक दिवा चालू ठेवावा आणि चपलेला मागे पट्टा असावा.

पहिले दोन आठवडे

बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभे करतात. मोडलेल्या हाडात खिळा किंवा धातूची पट्टी बसवली असेल, तर पायावर किती भार द्यायचा हे सर्जनकडून स्पष्ट शब्दांत विचारून घ्यावे आणि डिस्चार्ज कार्डावर लिहून मागावे.

वॉकरची मूठ हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या रेषेत यावी. आधी वॉकर, मग शस्त्रक्रियेचा पाय, मग चांगला पाय, हा क्रम. पुढे काठी आली की ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरायची. जवळजवळ प्रत्येक जण ती दुखऱ्या बाजूला धरतो आणि मग त्याच बाजूला कलत चालतो. जिना चढताना चांगला पाय आधी टाकायचा आणि उतरताना शस्त्रक्रियेचा.

व्यायाम थोडे असावेत पण दिवसातून अनेकदा व्हावेत. जागेपणी दर तासाला दहा-वीस वेळा घोटे वर-खाली हलवावेत, त्याने पोटरीतले रक्त खेळते राहते. गुडघ्यासाठी पाय लांब करून गुडघा पलंगावर दाबायचा, मांडी घट्ट करायची, पाच मोजायचे आणि सोडायचे. पलंगावरून टाच घसटत आपल्याकडे ओढायची. टाचेखाली गुंडाळी ठेवून पाच-दहा मिनिटे राहायचे, आणि ते दिवसातून तीन-चार वेळा करायचे. दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यावी, म्हणजे तिचा उपयोग होतो. नंतर कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा. वेदना सोसत राहणे हे शौर्य नव्हे, कारण दुखते म्हणून माणूस हलत नाही आणि हलत नाही म्हणून सांधा आखडतो. मात्र दुकानातून आणखी वेदनाशामक गोळ्या स्वतःहून आणू नयेत, त्या वृद्धांच्या मूत्रपिंडाला आणि पोटाला इजा करू शकतात.

खुबा बदललेल्यांचे पथ्य वेगळे आहे. मागच्या बाजूने शस्त्रक्रिया झाली असेल तर सुरुवातीचे सहा ते बारा आठवडे काटकोनापेक्षा जास्त वाकायचे नाही, पायावर पाय टाकायचा नाही आणि पाऊल आत वळवायचे नाही. जमिनीवर पडलेला चष्मा वाकून उचलायला गेल्यावर सांधा निखळू शकतो. अंगावर चादर ओढायला पायांकडे वाकणे किंवा बसल्या जागी मोजे घालणे, हेही त्यातच आले. झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी ठेवावी.

तेलाची मालीश अजिबात करू नये. मालीशवाल्या बाईंचा हात कितीही गुणाचा असला, तरी या दिवसांत पोटरीत गुठळी असेल आणि ती दाबाने सुटली, तर थेट फुप्फुसात जाते. जखमेवर हळद किंवा लेपही नको. रक्त पातळ करणारे औषध डॉक्टरांनी जितके दिवस लिहिले असेल तितके दिवस पुरे करावे. खुब्यासाठी ते बहुधा महिनाभरापर्यंत चालते, आणि बरे वाटू लागले म्हणून मध्येच सोडणारे पुष्कळ आहेत.

जेवणात पेज आणि खिमट यांवर भागवू नये. भरून येणाऱ्या स्नायूला प्रथिने लागतात, म्हणून मूत्रपिंडाचा विकार नसेल तर दूध, दही, डाळ, उसळ, अंडी, मासे यांतले काही प्रत्येक जेवणात असावे. वेदनाशामक गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते, तेव्हा भरपूर पाणी आणि गरजेप्रमाणे इसबगोल द्यावे.

रात्री भ्रम होतो तेव्हा

या गोष्टीने घरचे सर्वांत जास्त घाबरतात. खुबा मोडून शस्त्रक्रिया झालेल्या एका आजोबांनी मध्यरात्री मुलाला ओळखले नाही, गावी जाणारी गाडी चुकेल म्हणून ते उठू लागले आणि सुई ओढून काढली. मुलाला वाटले, वडिलांना वेड लागले. खरे तर वृद्धांमध्ये शस्त्रक्रियेनंतर असा तात्पुरता भ्रम वारंवार दिसतो आणि पुष्कळदा काही दिवसांत उतरतो, पण त्यामागे संसर्ग, लघवी अडणे, मलावरोध, पाण्याची कमतरता, वेदना किंवा एखादे औषध असू शकते, म्हणून डॉक्टरांना लगेच सांगावे. या आजोबांचा चष्मा आणि कानाचे यंत्र ‘हरवायला नको’ म्हणून घरी कपाटात ठेवले होते. ज्याला नीट दिसत नाही आणि ऐकू येत नाही, त्याने अनोळखी खोलीत मध्यरात्री काय समजावे? दोन्ही वस्तू पहिल्या दिवसापासून जवळ असाव्यात. दिवसा पडदे उघडे ठेवावेत, घड्याळ समोर लावावे, ओळखीच्या माणसाने जवळ बसून सावकाश बोलावे आणि रात्री उगाच उठवू नये. हात बांधणे हा उपाय नाही, त्याने भीती वाढते.

कोणत्या खुणांवर ताबडतोब धाव घ्यावी

एकाच पोटरीला वाढती सूज आणि दुखरेपणा, अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे, खुब्यात एकाएकी कळ येऊन पाय आखूड किंवा वळलेला दिसणे, या खुणांवर क्षणाचाही उशीर करू नये. जखमेतून पाणी किंवा पू येत असेल तर तेही गंभीर समजावे, आणि इथे एक चूक सर्रास होते: जवळच्या दवाखान्यातून अँटिबायोटिकचा कोर्स आणून आठवडाभर वाट पाहिली जाते. त्याने संसर्ग मरत नाही, फक्त झाकला जातो, आणि आत कोणता जंतू आहे हे शोधणे कठीण होते. शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननेच जखम आधी पाहिली पाहिजे.

काय अपेक्षा ठेवाव्यात

गुडघा दोन आठवड्यांत साधारण काटकोनापर्यंत आणि सहा आठवड्यांत शंभर-एकशेदहा अंशांपर्यंत वाकावा. सहा आठवड्यांनीही तो काटकोनात येत नसेल, तर ‘होईल हळूहळू’ म्हणून थांबू नये. भूल देऊन सांधा मोकळा करण्याचा उपाय पहिल्या तीन महिन्यांत अधिक लागू पडतो. गुडघा काही महिने कोमट लागतो, संध्याकाळी सुजतो, आणि व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा राहतो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. सुधारणा वर्षभर चालू राहते.

टिकाऊपणाबद्दल बोलायचे, तर 2019 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासांनुसार बदललेले पूर्ण गुडघे सुमारे 82 टक्के आणि खुबे सुमारे 58 टक्के प्रमाणात पंचवीस वर्षे टिकले, म्हणजे सत्तरीत बसवलेला गुडघा बहुधा आयुष्यभर पुरतो. पण गुडघा बदललेल्या दहांतील एक-दोन जण निकालावर पूर्ण समाधानी नसतात, हेही आधीच सांगायला हवे. मांडी घालून किंवा उकिडवे बसणे बहुतेकांनी सोडावेच लागते. सत्यनारायणाला चौरंगासमोर खुर्ची टाकून बसावे, त्यात काही कमीपणा नाही.

खुबा पडून मोडला असेल तर आणखी एक काम उरते आणि ते बहुतेक घरांत राहून जाते. साध्या घसरण्याने मोडलेले हाड ठिसूळ झालेलेच असते, आणि दुसरा खुबा त्याच हाडाचा आहे. म्हणून पहिल्याच फेरतपासणीला हाडांच्या ठिसूळपणाचे औषध केव्हा सुरू करायचे, हे स्वतःहून विचारावे. रोजच्या कॅल्शियमच्या गोळीने ते काम भागत नाही. आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे इंजेक्शन लागते, आणि त्याआधी मूत्रपिंड, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांच्या रक्तचाचण्या करून दातही दाखवून घ्यावे लागतात. त्याच फेरीत डोळ्यांची तपासणी करावी आणि झोपेच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांनी उठताना चक्कर येते का, हेही पाहून घ्यावे.