गाडीचा छोटा सुटा भाग बदलताना बिल कसे आटोक्यात ठेवावे

बाजूच्या आरशाची काच तडकली म्हणून गाडी सर्व्हिस सेंटरला न्यावी आणि हाती पडणाऱ्या एस्टिमेटमध्ये अख्खा आरसा, त्याच्या कव्हरचे रंगकाम आणि मजुरी असे सगळे लिहिलेले असावे, हा प्रकार गाडी वापरणाऱ्या बहुतेकांच्या ओळखीचा आहे. असे बिल पाहिले की लूट झाल्याची भावना होते आणि काही वेळा ती खरीही असते. पण छोट्या भागाची किंमत त्या भागात किती माल आहे यावर फारशी ठरत नाही. तो भाग सुटा मिळतो की अनेक भाग जोडून बनलेल्या पूर्ण संचातच, म्हणजे असेंब्लीतच घ्यावा लागतो, आणि तो कोणाच्या खोक्यातून येतो, या दोन गोष्टींवर ती ठरते. दोन्हींची चौकशी काम सुरू होण्यापूर्वी करता येते; काम झाल्यावर घासाघीस करण्याला फारसा अर्थ उरत नाही.

कंपनीची बाजूही थोडक्यात समजून घेतली पाहिजे. कारखान्यात लाखांच्या संख्येने येणारी प्लास्टिकची क्लिप जेव्हा सुटा भाग म्हणून विकायची असते, तेव्हा तिला वेगळे वेष्टन, लेबल आणि पार्ट नंबर द्यावा लागतो, मॉडेल बंद झाल्यावरही ती वर्षानुवर्षे गोदामात सांभाळावी लागते आणि वितरक व डीलर या दोघांचा नफा तिच्यावर चढतो. इथपर्यंतची वाढ समजण्यासारखी आहे. त्यापुढची वाढ होते ती गिऱ्हाइकाला दुसरे दुकानच नसते म्हणून. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो याच मुद्द्यावर. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणे खुल्या बाजारात मिळू न देणे हे स्पर्धेला मारक आहे, असे आयोगाने त्या आदेशात म्हटले. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असेही त्यात होते. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या आणि प्रकरण लांबले. तरीही ‘बाहेर हात लावलात तर वॉरंटी गेली’ असे काउंटरवर कोणी सांगितले, तर ते लेखी मागावे. वॉरंटीच्या पुस्तिकेतले नेमके कलम दाखवा म्हटले की बोलण्याची भाषा बऱ्याचदा बदलते.

पहिले काम पार्ट नंबरचे

एस्टिमेट घेताना एकूण रकमेवर समाधान मानू नये. प्रत्येक भागाचे नाव, पार्ट नंबर, एमआरपी आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागावी. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांच्या आणि व्हेरियंटच्या गाड्यांत वरून सारखे दिसणारे भाग वेगळे असू शकतात, म्हणून नंबर नेहमी आपल्या गाडीच्या चासी नंबरवरून काढलेला असावा. हा सतरा अक्षरी-अंकी नंबर आरसी बुकावर असतो आणि गाडीच्या सांगाड्यावरही कोरलेला असतो. पार्ट नंबर हाती आला की चौकशी फार सोपी होते. त्याच शहरातल्या दुसऱ्या डीलरला, कंपनीच्या अधिकृत पार्ट्स वितरकाला किंवा पुण्याच्या नाना पेठेसारख्या सुट्या भागांच्या बाजारातल्या दुकानदाराला फोन करून तोच नंबर सांगितला, की तो भाग शिल्लक आहे का आणि एमआरपीवर किती सूट मिळेल हे कळते. गाडीचे नाव सांगून ‘आरसा केवढ्याला’ असे विचारणाऱ्याला मोघम उत्तर मिळते आणि नंतर चुकीचा भाग पदरात पडतो.

असेंब्ली की सुटा तुकडा

खरे पैसे इथे वाचतात किंवा जातात. मेकॅनिकच्या भाषेत ज्याला असेंब्ली म्हणतात, तिच्या आत अनेक छोटे भाग असतात आणि त्यांतले काही कंपनीच्या यादीत स्वतंत्र नंबरने असतात, काही नसतात. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला असेंब्ली बदलणे सोयीचे पडते, कारण काम झटपट होते आणि पुन्हा तक्रार येण्याची शक्यता कमी असते. म्हणून त्याला थेट विचारावे: ‘यातला एवढाच भाग वेगळा येतो का? यादीत पाहून सांगा.’

आरशाचेच उदाहरण घेऊ. बहुतेक गाड्यांत काच, मागचे रंगीत कव्हर, वळणाचा दिवा आणि आतली मोटर हे वेगवेगळे तुकडे असतात. काच एका प्लास्टिकच्या पाठीवर चिकटवलेली असते आणि ती पाठ मोटरच्या चकतीवर खटक्यांनी बसते. जाणकार माणूस ती काही मिनिटांत काढतो-बसवतो. काच गरम करण्याची सोय असेल तर मागे दोन वायरी असतात, त्या आधी सोडवाव्या लागतात. फक्त तडकलेल्या काचेसाठी संपूर्ण आरसा घेण्याची गरज सहसा पडत नाही. मात्र रस्त्याकडेला साधा आरसा मापाने कापून चिकटवून देणाऱ्यांकडून ही काच घेऊ नये. मूळ काच बहुधा किंचित फुगीर असते, त्यामुळे शेजारची लेन तिच्यात मावते. सपाट काचेत दृश्याची रुंदी घटते आणि मागून येणारी दुचाकी दिसेनाशी होते. आरशात कॅमेरा किंवा सेन्सर असेल तर तो पुन्हा जुळवण्याचा खर्च आहे का, हेही आधी विचारावे.

बेअरिंगच्या बाबतीत तर गिऱ्हाईक विनाकारण घाबरते. इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरमधून घरघर येऊ लागली की नवा अल्टरनेटर सुचवला जातो, पण कित्येकदा आतले बेअरिंग वाजत असते. बॉल बेअरिंगच्या कडेवर आकडा कोरलेला असतो आणि तो जगभर एकच माप सांगतो. ६२०३ आकड्याचे बेअरिंग कोणत्याही कंपनीचे असले तरी त्याचे आतले माप १७, बाहेरचे ४० आणि जाडी १२ मिलिमीटर असते. पुढची अक्षरेही टिपून घ्यावीत, कारण त्यांतून बेअरिंगला रबरी सील आहे की पत्र्याचे झाकण, आणि आतल्या गोळ्यांना मोकळीक किती, हे समजते. बेअरिंगच्या दुकानात हा पूर्ण आकडा सांगितला की नामांकित कंपनीचा माल मिळतो. अल्टरनेटर आणि सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) उघडून बेअरिंग, कार्बन ब्रश किंवा रेग्युलेटर बदलणारे ऑटो इलेक्ट्रिशियन जवळपास प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. माझ्या मते या कामासाठी त्यांच्याकडे आधी जावे आणि नव्या अल्टरनेटरचा विचार नंतर करावा.

चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा म्हणजे लोअर आर्म. त्याच्या सांध्यांतल्या रबरी बुशांचेही असेच आहे. काही कंपन्या फक्त पूर्ण आर्म विकतात, पण बाजारात बुश सुटे मिळतात आणि प्रेसवर दाबून बसवता येतात. तेव्हा मेकॅनिकला एक गोष्ट आवर्जून सांगावी. गाडी जॅकवर लटकत असताना आर्मचे बोल्ट पूर्ण आवळू नयेत. चाके जमिनीवर टेकून गाडीचे वजन बसल्यावरच शेवटचे आवळावेत. नाहीतर नवे रबर कायम पिळलेल्या अवस्थेत राहते, लवकर फाटते आणि दोष लोकल मालाच्या माथी येतो.

किल्ली हा या यादीतला सर्वांत फसवा भाग. रिमोट चालेनासा झाला तर आधी सेल बदलून पाहावा. अनेक किल्ल्यांत सीआर २०३२ हा सामान्य सेल असतो. कव्हर तुटले असेल तर फक्त कव्हर बदलता येते, पण त्या वेळी जुन्या कव्हरमधली इमोबिलायझरची छोटी चिप काढून नव्यात बसवली आहे ना, हे समोर उभे राहून पाहावे. ती चिप जुन्या कव्हरबरोबर कचऱ्यात गेली तर पाते कुलपात फिरते, पण इंजिन चालू होत नाही. दुसरी किल्ली हरवली असेल तर पहिली हातात असतानाच नवी करून घ्यावी. दोन्ही गेल्या की खर्च एकदम वर जातो. शिवाय गाडी चोरीला गेल्यास विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते.

कोणाचे खोके

कार कंपन्या बहुतेक भाग स्वतः बनवत नाहीत. बल्ब, प्लग, फिल्टर, शॉकअ‍ॅबसॉर्बर, वायपर हे भाग पुरवठादार कंपन्या बनवतात आणि त्याच कंपन्या स्वतःच्या नावाच्या खोक्यातही ते विकतात. जुना भाग काढल्यावर त्यावरचे निर्मात्याचे नाव वाचावे आणि त्याच निर्मात्याचा माल बाहेर मिळतो का ते पाहावे. हेडलाइटचा एच ४ बल्ब हा ठरलेल्या मापाचा ६०/५५ वॉटचा बल्ब आहे. त्यासाठी कार कंपनीच्या खोक्याचे जादा पैसे देण्यात काही हशील नाही.

ब्रेक पॅड, ब्रेकचे पाइप, स्टिअरिंगचे सांधे, एअरबॅग आणि सीटबेल्ट यांच्या बाबतीत मात्र अनोळखी किंवा भंगारातला माल घेऊ नये. कुर्ल्याच्या जुन्या पार्ट्सच्या बाजारातून दाराचे हँडल, डिकीचे प्लास्टिक किंवा मागचा दिवा आणणे ठीक आहे. तिथून एअरबॅग आणणे म्हणजे जिवाशी खेळ. ज्या कामात भाग स्वस्त आणि मजुरी भारी असते, तिथेही काटकसर अंगाशी येते. क्लच रिलीज बेअरिंगसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हणून तो खाली असतानाच क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेटची अवस्था तपासून, झिजलेल्या असतील तर तिन्ही एकत्र बदलणे शहाणपणाचे ठरते.

विम्याचा हिशोब आधी कागदावर

‘क्लेम टाका, तुमच्या खिशातून काही जात नाही’ असे सांगितले जाते. साध्या सर्वंकष पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा (वापराने घटलेली किंमत) कापला जातो आणि १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सहसा १,००० रुपयांची अनिवार्य वजावट असते. समजा, आरशाचे ६,००० रुपये आले आणि तो सगळा प्लास्टिकमध्ये धरला गेला. घसाऱ्यानंतर ३,००० आणि वजावटीनंतर २,००० रुपये मिळतील. आता समजा, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता ८,००० आहे, सध्या ३५ टक्के नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यातली सूट) चालू आहे आणि पुढच्या वर्षी तो ४५ टक्के होणार आहे. क्लेम केला की तो शून्यावर येतो, म्हणजे पुढच्या एकाच वर्षी ३,६०० रुपयांची सवलत हातची जाते, आणि त्यानंतरची शिडी पुन्हा २० टक्क्यांपासून चढावी लागते. घसारा न कापणारे ‘झीरो डेप’ कव्हर घेतलेले असले तर आरशाचे ५,००० मिळतील, पण पुढच्या दोन-तीन वर्षांचा बोनस मोजला की तिथेही फायदा उरत नाही. छोट्या कामाला क्लेम करावा की नाही, हे आपल्या पॉलिसीतले आकडे घालून स्वतः ठरवावे.

बिल हाती आल्यावर

एमआरपीमध्ये सर्व कर धरलेले असतात, त्यामुळे बिलातला कर धरून भागाची किंमत एमआरपीपेक्षा जास्त होता कामा नये. मजुरीवर जीएसटी वेगळा लागतो, तो नियमाला धरून आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सर्व ऑटो पार्ट्सवर जीएसटी १८ टक्के आहे. त्याआधी अनेक भागांवर तो २८ टक्के होता. म्हणून जुनी एमआरपी छापलेले खोके दाखवले गेले, तर सुधारित किंमत विचारावी. ‘कन्झ्युमेबल्स’ किंवा ‘इतर साहित्य’ अशी मोघम ओळ दिसली, तर त्यात नेमके काय वापरले हे लिहून घ्यावे.

जुना भाग परत हवा, हे गाडी सोडतानाच जॉब कार्डवर (कामाच्या नोंदीच्या कागदावर) नोंदवून ठेवावे, कारण नंतर मागितला तर तो ‘भंगारात गेला’ असे ऐकावे लागते. अपवाद वॉरंटीत किंवा क्लेममध्ये बदललेल्या भागाचा, तो कंपनीकडे जमा होतो. जादा आकारणीची दाद सर्व्हिस मॅनेजरकडे लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यासाठी एस्टिमेट, बिल आणि वेष्टनावरच्या लेबलाचा फोटो जवळ असावा. त्या फोटोत पार्ट नंबर आणि छापील किंमत दोन्ही येतात, तेव्हा तो आरसी बुकाच्या फोटोशेजारीच साठवून ठेवावा.