बाहेरच्या किचनला पारदर्शक शटर: काच, ॲक्रिलिक की पॉलिकार्बोनेट?

गच्चीवर किंवा परसात ओटा बांधून खाली-वर कपाटं केली, की डब्यात काय आहे ते बाहेरूनच दिसावं म्हणून पारदर्शक शटर हवंसं वाटतं. पण दुकान गाठण्याआधी दुपारी तीनच्या सुमाराला जागेवर उभे राहा. ऊन कुठल्या कपाटावर येतं, शेगडी किती जवळ आहे, पावसाची झड कुठून मारते, हे बघून घ्या. सांगली-तासगावकडे कडक ऊन आणि वळवाच्या गारा, तर महाबळेश्वर-पाचगणीला धो धो पाऊस आणि माकडं. सगळ्या शटरांना एकच माल लावायचा हट्ट नको.

शेगडीलगत टफन्ड, म्हणजे तापवून कणखर केलेली काचच घ्या. ॲक्रिलिक हे प्लास्टिक, ते १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं, जवळून धग लागली की वाकतं. काचेवरचे तेलाचे शिंतोडे आणि हळदीचे हात साबणाच्या पाण्याने निघतात. मात्र टफन्ड काच एकदा तयार झाली की कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. म्हणून माप आणि बिजागरीची भोकं आधीच पक्की करून द्या. वजनही धरा: ५ मिमी काच चौरस मीटरला साडेबारा किलो भरते, तेवढंच ॲक्रिलिक सहा. बिजागऱ्या त्या हिशोबाने, स्टेनलेसच्या.

गारा, माकडं किंवा पोरांचा चेंडू यांच्या माऱ्यातल्या शटरांना पॉलिकार्बोनेट, हेही प्लास्टिकच. शेडवर टाकतात ती पोकळ, रेघांची शीट नव्हे. सॉलिड शीट मागा. दुकानदाराकडून अरुंद तुकडा घेऊन वाकवून बघा: पॉलिकार्बोनेट वाकतं, ॲक्रिलिक कटकन तुटतं. यूव्ही थर, म्हणजे उन्हातले अतिनील किरण अडवणारा थर, नसेल तर उन्हात पॉलिकार्बोनेट पिवळं पडतं. हा थर बहुधा एकाच बाजूला असतो आणि शीटवर चिकटवलेल्या संरक्षक फिल्मवर तशी खूण असते. तीच बाजू बाहेर आली पाहिजे, फॅब्रिकेटरला हे तोंडी सांगून भागत नाही, बसवताना समोर थांबा. फिल्मही लगेच काढा, उन्हात ती चिकटून बसते. पॉलिकार्बोनेटवर चरे मात्र लवकर पडतात.

ॲक्रिलिक छपराखालच्या, शेगडीपासून लांबच्या कपाटांना शोभतं. ते काचेइतकं लख्ख असतं आणि उन्हाने सहसा पिवळं पडत नाही.

खरी फसगत होते ती बसवण्यात. ही दोन्ही प्लास्टिकं उन्हात काचेच्या सात-आठ पट फुगतात: ६० सेंमीच्या शटरला ३० अंशांच्या फरकाने सव्वा मिमीच्या आसपास. फ्रेममध्ये घट्ट ठोकली की शीटला पोट येतं, स्क्रूपाशी तडा जातो. म्हणून रबर बीडिंगमध्ये (शीटच्या कडेला बसवायच्या रबरी पट्टीत) सगळीकडून दोन मिमी जागा सोडा, स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडा. फटी बुजवायचं सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं पॉलिकार्बोनेटला चालत नाही.

पुसायला मऊ सुती फडकं आणि साबणाचं पाणी. थिनर किंवा अमोनिया असलेलं काच पुसायचं लिक्विड या शीटांना लावू नका. पश्चिमेच्या कपाटात तेल-मसाले ठेवायचे असतील, तर तिथे पारदर्शक शटर नकोच, ऊन आत जाऊन ते खराब होतात. तिथे ताटं-पातेली ठेवा, आणि वाफ कोंडू नये म्हणून कपाटाच्या तळाला दोन-चार भोकं पाडून घ्या.