जनरेटरचं अर्थिंग ठरवताना आधी न्यूट्रल शोधा

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीत जनरेटर बघायला गेलो होतो. अर्थिंगचे चार खड्डे, झाकणांना हिरवा रंग, वर नंबर. सेक्रेटरींनी कौतुकाने फिरवून दाखवलं. टर्मिनल बॉक्स उघडला तर चारही पट्ट्या बॉडीला! न्यूट्रलवरून (करंट परत येण्याचं टोक) एकही गेलेली नाही. दिवे लागत होते, लिफ्ट चालत होती, मग शंका येणार कुणाला?

करंट जमिनीत ‘जिरतो’ ही समजूत आधी सोडा. तो जिथून निघाला तिथेच परत जातो. महावितरणची वीज असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलकडे, जनरेटर चालू असेल तर जनरेटरच्या. गिझरच्या बॉडीत उतरलेल्या करंटला त्या न्यूट्रलपर्यंत वाटच नसेल, तर आरसीसीबीला (करंटची गळती दिसताच पडून वीज तोडणारा स्विच) गळती दिसत नाही आणि ती पडत नाही.

म्हणून पहिला प्रश्न: जनरेटर केवढा आणि चालवणार काय? दोन-तीन केव्हीएचा उचलून नेण्याजोगा सेट एकाच ड्रिल मशिनसाठी वापरायचा असेल तर न्यूट्रल कुठेच न जोडता चालतं. पहिल्या बिघाडाला शॉक बसत नाही. पण तोच सेट गणपतीच्या मंडपात नेलात, त्यावर माळा, पंखे, साउंड लावलात, की एका वस्तूतला बिघाड कुणाला कळत नाही आणि दुसरा झाला की माणूस दोन्हींच्या मध्ये सापडतो. अशा वेळी उत्पादकाच्या पुस्तिकेत मनाई नाही ना ते पाहून, सेटवरच आउटपुटच्या दोन टोकांपैकी एक बॉडीला जोडून त्याला न्यूट्रल करा. त्यापुढे 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. प्रत्येक धातूच्या वस्तूपर्यंत आणि मंडपाच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत अर्थची वायर न्या.

सोसायटीच्या थ्री-फेज सेटला मी एकच पद्धत सुचवतो. न्यूट्रलला दोन स्वतंत्र अर्थ, बॉडीला दोन, आणि सेटपासून पॅनलपर्यंत न्यूट्रलहून वेगळी अर्थची पट्टी. बरेच वायरमन इथेच थांबतात आणि वर सांगतात, ‘न्यूट्रलचे खड्डे बॉडीच्या खड्ड्यांना जोडायचे नसतात.’ जोडायचेच असतात, तांब्याने किंवा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) पट्टीने. नाहीतर हिशेब बघा: मातीची रोधकता 100 ओहम-मीटर असेल तर खड्ड्यातल्या तीन मीटरच्या एका पाइपचा रोध साधारण 30 ओहम येतो. वाटेत दोन खड्डे, एक बॉडीचा आणि एक न्यूट्रलचा, म्हणजे 60. 230 व्होल्टला त्यातून चार अँपिअरही वाहत नाहीत. 16 अँपिअरची एमसीबी (करंट फार वाढला की पडणारा स्विच) ढिम्म हलणार नाही.

पट्टी जोडली तरी एमसीबीवर विसंबू नका. 25 केव्हीए सेटचा पूर्ण लोड साधारण 35 अँपिअर. शॉर्ट झाल्यावर असा सेट टिकवून देतो तो करंट बऱ्याचदा तिप्पट, म्हणजे शंभरेक अँपिअर. 32 अँपिअरच्या ‘सी’ प्रकारच्या एमसीबीला तत्काळ पडायला किमान 160 लागतात. जनरेटरवर आरसीसीबी अत्यावश्यक ठरते ती यामुळे.

चेंजओव्हर, म्हणजे महावितरण आणि जनरेटर यांच्यात लोड फिरवणारा स्विच, चार पोलचा घ्या; तो तीन फेजबरोबर न्यूट्रलही तोडतो. तीन पोलचा असेल तर दोन्ही न्यूट्रल कायम एकत्र राहतात, दोन ठिकाणी अर्थ होतात, आणि न्यूट्रलचा थोडा करंट अर्थच्या वाटेने फिरतो. आरसीसीबी उगाच पडायला लागते आणि मग कुणीतरी हुशार ती काढूनच टाकतो.

खड्ड्यांचं म्हणाल तर जागा बघून ठरवा. वाशी-ऐरोलीच्या खाडीकाठी माती खारी. रोध सहज कमी येतो, पण जीआय पाइप गंजून जातो, तिथे तांब्याचा मुलामा दिलेला रॉड बरा. येऊरच्या पायथ्याला खाली कातळ; तिथे एकच खोल खड्डा खणत बसण्यापेक्षा अनेक रॉड एकमेकांना जोडा, दोन रॉडमध्ये लांबीच्या दुप्पट अंतर ठेवून. मोजणी मे महिन्यात करा. जुलैत ठाण्यातली कुठलीही माती चांगलीच आकडे देते.

काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या, पण तपासणीच्या वेळी शेजारी उभे राहा. सेट बंद, बॅटरीची वायर काढलेली, चेंजओव्हर मधल्या जागी. अशा स्थितीत न्यूट्रल आणि बॉडीमध्ये मीटर जवळजवळ शून्य ओहम दाखवायला हवा. मग जनरेटर चालू करून सगळ्यांत लांबच्या सॉकेटवर आरसीसीबी टेस्टर लावा. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण दाबून समाधान मानू नका, ते अर्थ नसतानाही काम करतं. त्या सोसायटीतही दर महिन्याला ते दाबत होते, आणि दर महिन्याला ‘टक्’ आवाज येत होता.