वर्गात कोणाच्या वाट्याला काय येतं, हे कसं मोजावं

सगळ्या मुलांना आपण सारखंच वागवतो, असं बहुतेक शिक्षकांना प्रामाणिकपणे वाटतं. म्हणूनच आधी मोजा.

बाकांचा नकाशा काढा, प्रत्येक चौकोनात मुलाचं नाव लिहा आणि एका सहकाऱ्याला मागे बसवा. स्वतःच शिकवत स्वतःच मोजायला गेलात, तर पुढच्या बाकांपलीकडे नजर जात नाही. खुणा चारच: आठवणीचा प्रश्न 'आ', विचाराचा 'वि', शाबासकी 'श', ओरडा 'ओ'. किमान पाच तास मोजा. त्यात दिवसाचा शेवटचा तास हवाच, कारण थकलेला शिक्षक सवयीने वागतो. नकाशावर जात किंवा घरची परिस्थिती लिहू नका. कागद कुठेही सापडू शकतो.

आता रिकामे चौकोन बघा. ते लगेच दिसतात. 'वि' मात्र हमखास नजरेतून सुटतो. प्रश्नांची बेरीज सारखी असते, पण काहींना 'व्याख्या सांग' आणि काहींना 'असं का होतं?' विचारलेलं असतं. खरी विषमता इथे आहे.

दुरुस्ती अशी: आधी प्रश्न, मग शांतता, मग नाव. नाव आधी घेतलं की बाकीचे विचार करणं सोडतात. शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभरच थांबतात, असं अमेरिकन शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना 1970 च्या दशकात आढळलं. हा वेळ 3 सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांबली आणि गप्प राहणारी मुलं बोलू लागली. नाव चिठ्ठीने काढा. निघालेली चिठ्ठी पुन्हा डब्यात टाका, नाहीतर उत्तर देऊन झालेलं मूल निर्धास्त होतं. 'येत नाही' म्हणणाऱ्याकडे आणखी दोघांची उत्तरं ऐकून परत या. सुरुवातीला चिठ्ठीआधी जोडीत मिनिटभर बोलू द्या. नाहीतर चिठ्ठी म्हणजे शिक्षाच वाटते.

पेपर तपासताना नाव झाकलेलं असावं. सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासा, गठ्ठ्याचा क्रम बदला, मग दुसरा घ्या. आधीच्या चांगल्या उत्तराचा प्रभाव पुढच्या गुणांवर पडतो. अक्षर ओळखू येतंच, त्यामुळे काही पेपर दुसऱ्या शिक्षकाकडून तपासून घ्या.

गृहपाठ देण्याआधी तीन प्रश्न: काही विकत आणावं लागेल का? घरी कोणी शिकलेलं लागेल का? इंटरनेट लागेल का? एकाचंही उत्तर 'हो' असेल तर ते काम शाळेतच करून घ्या. घरून सजवून आणलेल्या प्रकल्पाला दिलेले गुण बहुधा पालकांचे असतात.

राहिली कामं. झाडणं, पाणी भरणं, फळ्यावर लिहिणं, पाहुण्यांसमोर बोलणं या सगळ्यांची एकच यादी करा, हजेरीच्या क्रमाने पाळ्या लावा आणि ती भिंतीवर चिकटवा. 'हा पटकन करतो, यालाच सांगू' इथे यादी मोडते. गैरहजर मुलाची पाळी तो आल्यावर त्यालाच द्या, विशेषतः बोलायची.

सहा आठवड्यांनी त्याच सहकाऱ्याला पुन्हा मागे बसवा. दिवस मात्र आधी विचारू नका.