पॉडकास्ट शोधायचं ॲप काढताय? होम स्क्रीन भरताना या चुका टाळा

ॲप बाहेर पडायला आठवडा उरला की कुणाला तरी आठवतं, अरे, होमवर काय लावायचं? मग टॉप चार्ट उघडला जातो, दहा मिनिटांत वीस शो उचलले जातात आणि सगळे चहाला जातात. हे इतक्यांदा पाहिलंय की आता हसूही येत नाही.

चार्टवरचे शो ज्याला ऐकायचेत, त्याच्या फोनमध्ये ते आधीपासून आहेत. तेच दाखवायला तुमचं ॲप कशाला हवं? ॲपलच्या चार्टमध्ये ऐकणं, फॉलो करणं, भाग शेवटपर्यंत ऐकणं असा सगळा हिशेब असतो. पण तो त्यांच्या श्रोत्यांचा. "आमचा अल्गोरिदम निवडेल" म्हणणारे तर आणखी थोर. पहिल्या दिवशी अल्गोरिदमच्या पोटात काहीच नसतं, तो निवडणार कशावरून? पहिली यादी माणसानेच करायची आणि कानाने करायची. दोन भाग शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय मी शो यादीत घेत नाही. भांडी घासताना ऐकतो. हात थांबले तर शो चांगला.

आता माझी दुखरी नस. आम्ही एका ॲपच्या पहिल्याच दिवशी आठ भागांची एका खुनाची तपासकथा सगळ्यात वर लावली. निर्मातीने फीडमध्ये, म्हणजे शोची माहिती आणि भागांचे पत्ते असलेल्या, ॲप वाचतं त्या फाइलमध्ये, शोचा प्रकार नीट 'सीरियल' लिहिला होता, म्हणजे पहिल्या भागापासून क्रमाने ऐकायचं. आमचं ॲप तो टॅग वाचतच नव्हतं. नवा भाग वर, जुना खाली, बातम्यांसारखं. लोकांनी होमवरच्या कार्डावरचं, म्हणजे शोच्या चौकटीवरचं, प्ले दाबलं आणि थेट आठवा भाग सुरू झाला. त्याच्या पहिल्या दीड मिनिटात खुनी कोण, ते सांगून टाकलेलं! रात्री तिचा फोन आला. "सात भाग लपवून ठेवलं होतं हो मी," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मी कार्ड शोचं लावत नाही, भागाचं लावतो. कुठल्या भागापासून सुरुवात, ते यादीतच लिहिलेलं हवं. गप्पांचा शो असेल तर ताजाच भाग कशाला, सगळ्यात चांगला लावा. आणि प्रत्येक कार्डावरचं बटण खऱ्या फोनवर स्वतः दाबून बघा. डॅशबोर्डवर सगळं हिरवंच दिसतं.

बंद पडलेले शो: संपलेला वेगळा, सोडून दिलेला वेगळा. मालिका पूर्ण झाली असेल तर खुशाल लावा. "पुढच्या आठवड्यात भेटू" म्हणून दोन वर्षं गायब झालेल्याला होमवर जागा नाही.

कव्हर: ॲपल 1400 ते 3000 पिक्सेलचं चौकोनी चित्र मागतं, पण तुमच्या कार्डावर ते नखाएवढं होतं. तेवढं करून बघा, नाव वाचता येतंय का.

'एक्सप्लिसिट'ची, म्हणजे 'मुलांसाठी नाही' अशी खूण निर्माता स्वतः करतो, आणि विसरतो. तिच्या भरवशावर मुलांच्या विभागात काहीही ढकलू नका.

पैसे घेऊन लावलेलं कार्ड आपल्या निवडीत मिसळू नका. वर 'जाहिरात' लिहा, विषय संपला.

होमवरचे भाग झटकन सुरू व्हावेत म्हणून ऑडिओ फाइल आपल्या सर्व्हरवर उतरवून ठेवायची शक्कल दर वेळी एखाद्या उतावळ्याला सुचते. तसं केलंत की निर्मात्याच्या होस्टिंगवर, म्हणजे त्याच्या फाइल जिथे ठेवलेल्या असतात तिथे, ते डाउनलोड मोजलेच जात नाहीत, आणि ऐन वेळी घातल्या जाणाऱ्या जाहिराती जुन्याच वाजत राहतात. म्हणजे तुम्ही त्याला होमवर आणलंत आणि त्याच्याच खिशात हात घातलात. फीडमधला मूळ पत्ताच वाजवा. दोन सेकंद उशीर चालतो.

निवडलेल्यांना आदल्या दिवशी कळवायलाही विसरतात लोक. मी प्रत्येकाला विचारतो, कुठल्या भागापासून लावू? त्या निर्मातीचा नवा शो आला तेव्हा तिलाही विचारलं. तिने लिहिलं, "पहिला." मिनिटभराने पुन्हा मेसेज आला, "पहिला म्हणजे सगळ्यात जुना."