दाराची पट्टी, स्कर्टिंग आणि खिडकीची चौकट निवडताना

फ्लॅट नव्याने करायला काढला की सगळी चर्चा किचन ट्रॉली आणि टाइल्सवर होते. दाराच्या पट्ट्या (चौकट आणि भिंत यांमधला सांधा झाकणाऱ्या) आणि स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी लागणारी टाइलची पट्टी) शेवटच्या आठवड्यात सुतारावर सोडून दिलं जातं. मी कोथरूड, सहकारनगरच्या जुन्या सोसायट्यांमधली कामं बघते. माझा आग्रह एकच, फरशी पसंत कराल त्याच दिवशी हेही ठरवा.

कारण स्कर्टिंग भिंतीवरून येतं ते दाराच्या पट्टीला टेकूनच थांबतं. पट्टी पातळ असेल तर टाइलची कापलेली कड पुढे डोकावते आणि कायम डोळ्यांत खुपते. टाइल आणि मागचा माल मिळून 13 ते 15 मिमी जाडी सहज होते, म्हणून पट्टी 18 मिमीची घ्या. 12 मिमीची स्वस्त पडेल असं कोणी सुचवलं तरी ऐकू नका. रुंदीला अडीच-तीन इंच पुरे. तसा तुकडा चौकटीवर टेपने चिकटवून दोन दिवस येता-जाता बघा. बसवताना चौकटीची 5-6 मिमी कड उघडी ठेवायला सांगा. त्याने बिजागरीला जागा मिळते आणि चौकट थोडी ओळंब्यात नसली तरी लक्षात येत नाही.

पट्टी सपाट हवी, कडा फक्त हाताला लागणार नाहीत इतक्या मारलेल्या. नक्षीच्या खाचांत धूळ बसते आणि ती रोज कोण पुसणार? नक्षीची हौस असेल तर पेठांतल्या वाड्यांसारखी मुख्य दारावर गणेशपट्टी करा, शोभून दिसते. तोरणासाठी दोन पितळी हूकही रंगाआधीच लावून घ्या, नाहीतर दर सणाला नवा खिळा ठोकला जातो.

पॉलिश करायचं असेल तर सागवान, रंग द्यायचा असेल तर चांगलं वाळलेलं पाइन किंवा डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेली पट्टी. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, खाली जमिनीपर्यंत आणू नका. रोजच्या ओल्या पोछ्याने त्याचं टोक फुगतं आणि मग रंगाचे पापुद्रे निघतात. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये लाकूड घेताना पट्टी डोळ्यापाशी धरून कडेवरून नजर टाका, बाक लगेच कळतो. लाकडी पट्टीला मागून आणि कापलेल्या टोकांनाही प्रायमर हवा. फरशीपासून 2-3 मिमी वर ठेवून ती फट सिलिकॉनने भरा.

बाथरूमच्या दाराला ग्रॅनाइटची चौकट, तिथे दुसरा विचारच नको. खिडक्यांनाही तेच. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पश्चिमेच्या खिडकीवर पावसाचा मारा असतो, लाकूड तिथे टिकत नाही. खालच्या दगडाला बाहेरच्या बाजूने उतार द्या आणि बाहेर आलेल्या भागाला खालून एक बारीक खाच मारून घ्या, म्हणजे पाणी भिंतीवर न ओघळता खाली टपकतं.

स्कर्टिंग फरशीच्याच टाइलचं, सुमारे 4 इंच. 2 बाय 2 च्या एका टाइलमधून 6 पट्ट्या निघतात. त्यांतल्या दोनांनाच कंपनीची कड मिळते, बाकीच्या चार कापलेल्या असतात. त्यांची वर येणारी कड घासून, हलकी गोल करून घ्या. टाइलवाले हे काम टाळतात, म्हणून दर ठरतानाच बोला. भिंतीच्या पातळीत बसवलेलं स्कर्टिंग सुंदर दिसतं, पण नवं प्लास्टर होणार असेल तरच त्या वाटेला जा.

हिशेब रनिंग फुटात होतो. 3 बाय 7 च्या दाराला एका बाजूने 17-18 फूट, दोन्ही बाजूंनी 35-36 फूट पट्टी लागते. वर दहा टक्के जास्त धरा. उभ्या पट्टीत मधे सांधा चालणार नाही हे आधीच बजावा आणि साडेसात फुटांहून आखूड नग दुकानातच बाजूला काढा.